वितळलेले प्लॅस्टिक, संगणकाचे चित्र आणि अनुमानाची मर्यादा



गेल्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातली चार प्रमाणे पाहिली. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने विचारले, "सर, हे सगळे ठीक आहे, पण आज याचा उपयोग कुठे होतो?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर आज आपण प्लॅस्टिकच्या एका झाकणावरून देणार आहोत.

हसू नका. गोष्ट खरी आहे आणि आपल्या सोलापुरातलीच आहे. आमचा एक जुना विद्यार्थी आहे. बी.ए.ला त्याने तर्कशास्त्र घेतले होते, पुढे वडिलांचा धंदा हातात घेतला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याचे छोटे युनिट आहे. तिथे ठिबक सिंचनाच्या संचाला लागणारे सुटे भाग होतात. सांगोल्याकडे डाळिंबाला, पंढरपूरकडे द्राक्षाला ठिबक असते, ते तुम्ही पाहिलेच असेल. पाण्यातला गाळ नळ्यांत जाऊ नये म्हणून सुरुवातीला एक फिल्टर बसवतात. त्या फिल्टरचे आटे असलेले झाकण तो बनवणार होता.

प्लॅस्टिकचे झाकण बनवायचे म्हणजे आधी पोलादाचा साचा करावा लागतो. कारखान्यात त्याला डाय किंवा मोल्ड म्हणतात. साचा महाग असतो. याने तर त्यासाठी कर्ज काढले होते. म्हणून पोलादाला हात लावण्याआधी त्याने पुण्याच्या एका सल्लागाराकडून संगणकावर तपासणी करून घेतली. साच्यात वितळलेले प्लॅस्टिक कसे शिरेल, कुठे आधी पोहोचेल, किती दाब लागेल, याचे रंगीत चित्र आले. झाकण पूर्ण भरत होते. साचा तयार झाला, मशीनवर चढला, पहिला शॉट मारला, आणि झाकणाची एक कड अर्धवटच राहिली. दाब वाढवला, तापमान वाढवले, तर दुसरीकडून पातळ पापुद्रा बाहेर यायला लागला. कड काही नीट भरेना.

तो घरी आला. हातात ते अर्धवट झाकण. म्हणाला, "सर, कॉम्प्युटर खोटं बोलला का हो?"

आम्ही म्हणालो, "अरे, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही. तू त्याला काय सांगितलंस आणि काय विचारलंस, ते आधी बघू." त्या संध्याकाळी सुरू झालेला आमचा अभ्यास पुढे वर्षभर चालला. आज जे सांगणार आहोत ते त्यातून आलेले आहे.

स्वयंपाकघरातले रिऑलॉजी

पदार्थ कसे वाहतात आणि कसे आकार बदलतात, याच्या शास्त्राला रिऑलॉजी म्हणतात. हा शब्द १९२० साली अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ यूजीन बिंगहॅम यांनी रूढ केला. त्याचे मूळ ग्रीक आहे, वाहणे या अर्थाचे. सर्व काही वाहते हे हेराक्लिटसच्या नावावर सांगितले जाणारे वचन या शास्त्राच्या अमेरिकेतल्या संस्थेने आपले ब्रीद म्हणून घेतले. म्हणजे बघा, तत्त्वज्ञानाच्या माणसाने या विषयात पाय ठेवला तर ती अगदीच घुसखोरी नाही.

आता प्रयोगशाळेत न जाता स्वयंपाकघरात जाऊ. पाणी आणि मध घ्या. दोन्ही वाहतात. मध जास्त चिकट, एवढाच फरक. हळू ढवळा किंवा जोरात ढवळा, त्यांचा चिकटपणा तोच राहतो. अशा द्रवांना न्यूटनचे द्रव म्हणतात. त्यांचा स्वभाव एका आकड्यात सांगता येतो.

आता खळ घ्या. सोलापूरकरांना खळ काय ते सांगायला नको. ताण्याच्या सुताला मागावर घासून ते तुटू नये म्हणून देतात ती पिठाची खळ. ती भांड्यात स्वस्थ असताना घट्ट असते, जोरात ढवळली की सैल होते. तिचा चिकटपणा तुम्ही तिला किती वेगाने हलवता त्यावर अवलंबून आहे. म्हणजे इथे एक आकडा पुरत नाही. वेगाप्रमाणे चिकटपणा कसा उतरत जातो याचा पूर्ण आलेखच हवा.

आता कणीक. ताजी मळलेली कणीक लाटायला घ्या. लाटणे उचलले की पोळी जराशी आखडते. जणू तिला आपला आधीचा आकार आठवतो. तीच कणीक अर्धा तास मुरू द्या, मग गुमान लाटली जाते. ज्वारीच्या पिठाचे तसे नाही. त्यात गव्हासारखे ग्लुटेन नसते, ते पीठ ताणले तर तुटते. म्हणून आपल्याकडे भाकरी थापतात. आपल्या आज्यांना ही विद्या पुरती ठाऊक होती, फक्त त्यांनी तिला नाव दिले नव्हते.

नाव दिले मार्कुस रायनर यांनी, १९६४ साली. पदार्थाला आधीचा ताण विसरायला लागणारा वेळ भागिले आपण त्याला दिलेला वेळ, या गुणोत्तराला त्यांनी डेबोरा अंक म्हटले. बायबलमधल्या डेबोराच्या गाण्यात देवासमोर पर्वत वाहतात असे वर्णन आहे. रायनर यांनी त्यातून एवढेच घेतले की पुरेसा काळ थांबणाऱ्याला पर्वतही वाहताना दिसेल. कणीक लगेच लाटली तर डेबोरा अंक मोठा आणि कणीक रबरासारखी. मुरू दिली तर अंक लहान आणि कणीक मऊ. घट्ट की प्रवाही हा निव्वळ पदार्थाचा गुण नाही. त्यात आपण किती घाई करतो हेही येते.

साखळ्यांचा गुंता

वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये खळ आणि कणीक या दोघींचेही गुण आहेत. कारण त्याचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. एक लाख रेणुभाराची पॉलिथिलीनची एक साखळी घेतली, तर तिच्यात इथिलीनचे सुमारे साडेतीन हजार घटक एकापुढे एक जोडलेले असतात. अशा असंख्य साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या. सुताचा गुंता डोळ्यांसमोर आणा. फरक इतकाच की हा गुंता सतत वळवळत असतो.

साखळी एका मर्यादेपेक्षा लांब झाली की तिची लांबी दुप्पट केल्यावर संथ वाहतानाचा चिकटपणा दुप्पट होत नाही, सुमारे दहापट होतो. असे का, याचे सुंदर चित्र फ्रान्सच्या पिएर-झील द जेन यांनी १९७१ साली मांडले. गुंत्यात अडकलेल्या साखळीला आडवे सरकायला जागा नाही. ती फक्त आपल्या लांबीच्या दिशेने, गवतातून साप जावा तशी, सरपटत बाहेर पडू शकते. पूर्ण बाहेर पडायला जो वेळ लागतो, तोच तिचा विसरण्याचा वेळ. द जेन यांना १९९१ साली भौतिकीचे नोबेल मिळाले, त्यात या कामाचाही वाटा होता.

हे सगळे फक्त परदेशात घडले असे समजू नका. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे आपली एनसीएल, १९५० साली सुरू झाली. मुंबईच्या यूडीसीटीत डॉक्टरेट केलेले रघुनाथ माशेलकर परदेशातले काम सोडून १९७६ साली तिथे आले. पॉलिमर आणि न्यूटनचा नियम न पाळणारे द्रव हाच त्यांच्या संशोधनाचा गाभा होता. १९८९ साली ते एनसीएलचे संचालक झाले. लोकांना माशेलकर हळदीच्या पेटंटमुळे माहीत आहेत, पण त्यांचे मूळ शास्त्र हे. त्याच यूडीसीटीतून शिकलेले आशिष लेले यांनी पुढे एनसीएलमध्ये पॉलिमरच्या प्रवाहावर काम केले. त्यांना २००६ साली भटनागर पुरस्कार आणि २०१२ साली इन्फोसिस पुरस्कार मिळाला. सोलापूरहून रेल्वेने चार-पाच तासांच्या अंतरावर ही विद्या आहे, आणि आमच्या विद्यार्थ्याला ती साचा बिघडल्यावर कळली. दोष त्याचा एकट्याचा नाही.

संगणक नेमके काय करतो?

आता मूळ प्रश्नाकडे. पडद्यावरचे ते रंगीत चित्र येते कुठून?

संगणक साच्यातली पोकळी हजारो लहान कप्प्यांत विभागतो. सगळ्या कप्प्यांची मिळून एक जाळी होते. मग प्रत्येक कप्प्यासाठी तो तीन हिशेब मांडतो. पहिला वस्तुमानाचा: जेवढे आत आले तेवढे बाहेर गेले पाहिजे किंवा आत साठले पाहिजे. दुसरा गतीचा: दाब ढकलतो, चिकटपणा अडवतो. तिसरा उष्णतेचा: गरम प्लॅस्टिक थंड पोलादाला टेकल्यावर किती निवते आणि थर एकमेकांवर घासल्याने किती तापते. वेळ थोडी पुढे सरकवायची, पुन्हा तेच हिशेब. असे हजारो वेळा.

इथे काही गोष्टी संगणकाला सोप्या जातात. झाकणाची भिंत दोन-तीन मिलिमीटर, लांबी-रुंदी त्याच्या कितीतरी पट. अशा पातळ फटीतल्या प्रवाहाचा अभ्यास हेन्री हेले-शॉ यांनी १८९८ च्या सुमारास केला होता. त्याचाच आधार घेऊन अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या हीबर आणि शेन यांनी १९८० साली साचा भरण्याच्या गणिताची पद्धत बसवली. त्याच्या थोडे आधी, १९७८ साली, ऑस्ट्रेलियात मेलबर्नला कॉलिन ऑस्टिन यांनी मोल्डफ्लो ही कंपनी काढून असा हिशेब कारखानदारांना विकायला सुरुवात केली होती. आज जगभर जे चालते त्याची सुरुवात ही.

उष्णतेचा हिशेबही महत्त्वाचा. प्लॅस्टिक उष्णता फार सावकाश सोडते. त्यामुळे भिंतीला लागलेला थर लगेच गोठतो आणि मधला भाग वाहत राहतो. नदीचे पात्र दोन्ही काठांनी अरुंद होत जावे तसे. आणि निवण्याचा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन मिलिमीटरची भिंत तीन केली तर वेळ दीडपट नाही, सव्वादोनपट होतो. कारखानदाराला याचा अर्थ लगेच कळतो: तासाला निघणारे नग कमी.

पण आता नीट लक्ष द्या. हे तीनही हिशेब पाण्यालाही लागू आहेत, दुधालाही आणि वितळलेल्या पोलादालाही. त्यांत प्लॅस्टिकचे असे काही नाही. मग संगणकाला कसे कळते की साच्यात पाणी नसून पॉलिप्रॉपिलीन शिरते आहे? ते त्याला आपण सांगतो. या पदार्थाचा चिकटपणा वेग, तापमान आणि दाब यांप्रमाणे असा असा बदलतो, हा चौथा नियम आपण बाहेरून देतो. पहिले तीन नियम निसर्गाचे आहेत. चौथा त्या दाण्याचा स्वभाव आहे आणि तो मोजूनच मिळतो.

धूर, अग्नी आणि ओले लाकूड

आता गेल्या व्याख्यानातले आठवा. डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून तिथे अग्नी आहे असे आपण म्हणतो. हे अनुमान. ते उभे राहते व्याप्तीवर: जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी. आता उलट करून बघा. अग्नी आहे म्हणून धूर असणारच, असे म्हणता येईल का? नैयायिक म्हणतात, नाही. लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा घ्या. अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला लाकूड ओले असावे लागते. ही जी न सांगितलेली, लपलेली अट, तिला त्यांनी उपाधी म्हटले. ज्या अनुमानात उपाधी लपलेली असते ते अनुमान सदोष. कधी बरोबर येईल, कधी फसवील, आणि फसवील तेव्हा आपल्याला कारण कळणार नाही.

संगणकाचे चित्र हे प्रत्यक्ष नाही. ते रंगीत आहे, हलते, डोळ्यांना दिसते, म्हणून आपण त्याला प्रत्यक्ष समजतो, आणि इथेच पहिली चूक होते. ते अनुमान आहे. दाण्याचा स्वभाव सांगणारा तो चौथा नियम ही त्याची व्याप्ती. तेव्हा प्रश्न असा विचारायचा: या व्याप्तीत कोणती उपाधी लपली आहे?

आमच्या विद्यार्थ्याच्या झाकणात ती कुठे होती, सांगतो. संगणकात त्याने वापरायचा दाणा नव्हता. सल्लागाराकडे त्या नेमक्या ग्रेडची माहिती नव्हती, म्हणून त्याने यादीतला जवळचा दुसरा ग्रेड निवडला. जवळचा कशावरून? दोघांचा मेल्ट फ्लो इंडेक्स सारखा होता. हा आकडा दाण्याच्या पिशवीबरोबरच्या कागदावर छापलेला असतो. तो काढण्याची रीत अशी: पॉलिप्रॉपिलीन २३० अंश सेल्सिअसला वितळवायचे, वर २.१६ किलोचे वजन ठेवायचे, आणि खालच्या सुमारे दोन मिलिमीटरच्या छिद्रातून दहा मिनिटांत किती ग्रॅम बाहेर आले ते मोजायचे. दहा ग्रॅम आले तर इंडेक्स दहा.

उपयोगी आकडा आहे, पण तो आलेखावरचा एकच बिंदू आहे. त्या चाचणीत प्लॅस्टिक अगदी संथ वाहते. शेजारचे दोन थर एकमेकांवरून किती वेगाने घसरतात याचे एक माप आहे. इंडेक्स दहाच्या चाचणीत ते दर सेकंदाला वीस-पंचवीस येते. साच्याच्या अरुंद तोंडाशी, ज्याला गेट म्हणतात तिथे, तेच माप हजारांत जाते, कधी दहा हजारांच्याही पुढे. एका दाण्यात लांब आणि आखूड साखळ्यांची भरपूर सरमिसळ असेल, तर तो वेगात चांगलाच सैल होतो. दुसऱ्यात साखळ्या साधारण एका लांबीच्या असतील, तर तो तेवढा सैल होत नाही. संथपणे दोघे सारखे, वेगात दोघे वेगळे. संगणकात होता पहिला, मशीनमध्ये होता दुसरा. म्हणून चित्रात कड भरली आणि साच्यात भरली नाही.

म्हणजे पिशवीवरचा आकडा हे शब्दप्रमाण. लिहिणारा खोटे लिहीत नव्हता. पण त्या शब्दाचा अर्थ संथ प्रवाहापुरता होता आणि आपण तो सगळ्या वेगांना लावला. वेगाची मर्यादा हीच ती उपाधी.

उपाय काय केला? जो दाणा प्रत्यक्ष वापरायचा त्याचा पूर्ण आलेख कॅपिलरी रिऑमीटरवर मोजून घेतला. या यंत्रात वितळलेला माल अरुंद नळीतून वेगवेगळ्या गतीने दाबून काढतात आणि दर वेळी किती दाब लागला ते टिपतात. तो आलेख देऊन संगणकाला तोच हिशेब पुन्हा करायला लावला. आणि गंमत बघा, आता संगणकाने तीच कड, त्याच जागी, अर्धवट दाखवली. यंत्राचा हिशेब पहिल्यापासून बरोबरच होता. मग गेट थोडे मोठे केले आणि कडेकडे जाणारी वाट किंचित जाड केली. सुदैवाने दोन्हींसाठी साच्यातले पोलाद काढायचे होते. साचेवाले सांगतात, काढणे सोपे असते, काढलेले परत भरणे अवघड. कड भरली.

ढवळणे वेगळे, ताणणे वेगळे

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. झाकणे पूर्ण भरून निघाली, पण दाबाखाली तपासताना काही झाकणे एकाच रेषेत चिरू लागली. शेतात पंप सुरू झाल्यावर झाकण फुटले तर शेतकऱ्याचे पाणी जाते आणि पुढची ऑर्डरही जाते.

ही रेषा का येते? झाकणात मध्ये एक भोक होते. साच्यात त्या जागी पोलादाचा खुंट असतो. प्लॅस्टिकचा प्रवाह खुंटाभोवती दुभंगतो आणि पलीकडे पुन्हा एकत्र येतो. ते जिथे भेटतात तिथे सांधा पडतो. कारखान्यात याला वेल्ड लाइन म्हणतात. संगणकाने ती रेषा दाखवली होती, अगदी नेमकी. पण तिची ताकद सांगितली नव्हती.

दोन सुते नुसती टोकाला टोक लावून ठेवली तर सांधा होत नाही, पीळ द्यावा लागतो. इथे पीळ देण्याचे काम साखळ्या स्वतः करतात. एका बाजूच्या साखळ्यांनी सरपटत दुसऱ्या बाजूच्या गुंत्यात शिरले पाहिजे. त्याला वेळ लागतो, तोच द जेन यांचा सरपटण्याचा वेळ. माल त्याआधी गोठला तर सांधा दिसायला एकजीव, पण आतून कच्चा. भरण्याचा नेहमीचा हिशेब चिकटपणापाशी थांबतो. साखळ्यांची आठवण त्यात धरलेली नसते. धरली नाही म्हणून ती नाहीशी होत नाही.

याच जातीची दुसरी अडचण ताणण्याची. आपण पाक दोन प्रकारे तपासतो. एकदा पळीने ढवळून, एकदा बोटांत धरून तार ओढून. एक ढवळण्याची कसोटी, दुसरी ताणण्याची. पाकासारख्या साध्या द्रवात या दोन्हींचे नाते ठरलेले आहे. ताणाला होणारा विरोध साध्या चिकटपणाच्या बरोबर तिप्पट असतो, हे फ्रेडरिक ट्राउटन यांनी १९०६ साली दाखवले. त्यामुळे एक मोजले की दुसरे कळते. प्लॅस्टिकच्या गुंत्यात हे नाते मोडते. फांद्या असलेल्या साखळ्यांचे पॉलिथिलीन वेगाने ताणत नेले की ते अधिकाधिक घट्ट होते, तिपटीच्या कितीतरी पुढे जाते. म्हणजे ढवळून मोजलेल्या आकड्यावरून ताणाचे अनुमान करायचे असेल, तर ती व्याप्तीच खोटी.

आणि तिसरे उदाहरण ठिबकच्या नळीचे. सोऱ्यातून चकली पडावी तशी ही नळी साच्याच्या तोंडातून सतत बाहेर येते. पाणी नळातून जोरात सोडले की खळाळते, हे जडत्वामुळे. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ साली त्याचे माप दिले. नळातले पाणी खळाळायला ते माप दोन हजारांच्या आसपास जावे लागते. वितळलेल्या प्लॅस्टिकचे ते एकाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. म्हणजे प्रवाह अगदी शांत हवा. तरीही मशीनचा वेग एका मर्यादेपुढे नेला की नळीचा पृष्ठभाग शार्कच्या कातडीसारखा खरखरीत होतो. जडत्वाचा इथे संबंध नाही. तोंडातून बाहेर पडताना पृष्ठभागावरच्या साखळ्या एकदम ताणल्या जातात, त्यामुळे हे घडते.

मग ही आठवण संगणकाच्या समीकरणांत का घालत नाहीत? घालतात. पण अनेक वर्षे अडचण अशी होती की आठवणीचा वाटा थोडा वाढवला की गणितच कोसळायचे, उत्तर येईचना. २००४ साली इस्रायलचे फाटाल आणि कुफरमन यांनी ताणाचा सरळ हिशेब न मांडता त्याच्या लॉगरिदमचा मांडायची युक्ती काढली, तेव्हा वाट बरीच मोकळी झाली. तरीही अशा गणितांना वेळ लागतो, मोजमापे जास्त लागतात आणि ती महाग असतात. म्हणून रोजच्या कामात चिकटपणाचाच हिशेब वापरतात. त्यात गैर काही नाही. फक्त काय सोडून दिले आहे ते माहीत हवे.

मग काय करायचे?

आमच्या विद्यार्थ्याने शेवटी काय केले ते सांगून थांबतो. साच्याचे तापमान थोडे वाढवले, म्हणजे सांध्याला जुळायला वेळ मिळाला. त्याने प्रत्येक शॉटचा वेळ वाढला, तासाचे नग घटले, ते त्याने सोसले. दाण्याची नवी खेप आली की आधी थोडा माल चालवून बघायचा असा नियम केला. आणि रोजच्या मालातली काही झाकणे फुटेपर्यंत दाबून बघायची, हे सुरू केले. झाकण कुठे फुटते ते वहीत लिहायचे. रेषेवर फुटले तर मशीन थांबवायचे.

संगणक त्याने सोडला नाही. पुढच्या साच्यालाही वापरला. पण आता तो सल्लागाराला तीन गोष्टी विचारतो. एक, हिशेबात घातलेली माहिती माझ्याच दाण्याची आहे का आणि ती कोणत्या वेगापर्यंत मोजलेली आहे? दोन, या हिशेबात काय धरलेलेच नाही? तीन, हे उत्तर चुकले असेल तर ते मला कोणत्या प्रयोगातून, सर्वांत आधी आणि सर्वांत स्वस्तात कळेल?

हे तीन प्रश्न प्लॅस्टिकपुरते नाहीत. पावसाचा अंदाज, उजनीतून किती पाणी सोडायचे याचा हिशेब, रोगाच्या साथीचे आलेख, अशी संगणकाची कितीतरी चित्रे रोज आपल्यासमोर येतात. त्यांना खोटे म्हणून झटकणे सोपे आहे, खरे म्हणून मान डोलावणे त्याहून सोपे. दोन्हींत आपण विचार करणे टाळतो.

एका श्रोत्याची चिठ्ठी आली आहे: "आता कृत्रिम बुद्धिमत्ता हे सगळे क्षणात सांगेल. मग ही मोजमापे लागणार नाहीत ना?"

चांगला प्रश्न. हजारो वेळा केलेल्या अशाच हिशेबांवरून शिकलेले यंत्र उत्तर झटकन देते, हे खरे. पण ते अनुमानावरून केलेले अनुमान झाले. पहिल्यात जी उपाधी लपली होती ती दुसऱ्यातही येते, आणि आणखी एक घर खोल जाते. म्हणून उत्तर जितके झटपट, तितकी फुटेपर्यंत दाबून बघण्याची गरज जास्त. आमच्या विद्यार्थ्याची ती वही आम्ही पाहिली आहे. सध्या तिसरी वही चालू आहे.

पुढच्या वेळी आपण शब्दप्रमाण घेऊ. आप्त कोणाला म्हणावे आणि कागदावर छापलेल्या आकड्याला आप्तवचन मानावे का, हा प्रश्न आज आपण नुसता चाटून पुढे गेलो. तो नीट पाहू.